इनिशियलायझरची शिस्त : संकेताकडून सक्तीकडे

नेक्स्टस्टेप या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली आवृत्ती १९८९ साली आली. पुढे तिच्यातूनच घडलेल्या, मॅकवरच्या कोको फ्रेमवर्कमध्ये वापरल्या जाणाऱ्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत इनिशियलायझर ही एक साधी मेथडच होती, आणि मेथड म्हणून ती उपवर्गाकडे वारशाने यायची. धोका तिथेच होता. एनएसव्ह्यूच्या उपवर्गाला स्वतःचा नवा इनिशियलायझर दिला, तरी पालकवर्गाचा ‘इनिटविथफ्रेम’ खुलाच राहायचा. त्या वाटेने घडलेल्या ऑब्जेक्टमधली नवी चले शून्यच राहत. म्हणून ‘डेझिग्नेटेड इनिशियलायझर’चा संकेत रुजला: पालकाचा मुख्य इनिशियलायझर ओव्हरराइड करून तो आपल्या मुख्य इनिशियलायझरकडे वळवायचा. पण हा नियम दस्तऐवजांत होता, कंपायलर मात्र गप्प असे. इतकी महत्त्वाची शिस्त माणसाच्या स्मरणावर सोडणे चुकीचेच होते, आणि २०१४ मध्ये जाहीर झालेल्या स्विफ्टने ते दुरुस्त केले. तिथे उपवर्गाने स्वतःचा मुख्य इनिशियलायझर लिहिला, की पालकाचे इनिशियलायझर आपोआप मिळत नाहीत.

यावर आक्षेप असा, की मग पडदा पूर्णपणे कोडमधून रचणाऱ्यालाही इंटरफेस फाइलमधून ऑब्जेक्ट घडवणारा सक्तीचा ‘इनिट-कोडर’ लिहावा लागतो, आणि पुष्कळ जण त्यात प्रोग्रॅम तिथेच थांबवणारा नुसता ‘फेटलएरर’ टाकून मोकळे होतात. तक्रार खरी आहे. तरीही अर्धवट ऑब्जेक्ट गुपचूप चालत राहून भलत्याच ठिकाणी बिघाड दिसण्यापेक्षा, प्रोग्रॅम नेमक्या त्या ओळीवर थांबला तर दोष शोधणे कितीतरी सोपे जाते.