काटेरी तारेचं दुखणं

पहिलं महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारने हिंदुस्थानातले जर्मन व्यापारी, मिशनरी, खलाशी धरून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत आणून ठेवले. गुन्हा नाही, खटला नाही, सुटकेची तारीखही नाही. कित्येकांना मायदेश दिसला तो थेट १९२० साली.

अशा कोंडलेल्या जिवांच्या दुखण्याला जर्मन भाषेत त्याच सुमारास नाव मिळालं : 'श्टाखेलड्राट-क्रांकहाइट'. श्टाखेल म्हणजे काटा, ड्राट म्हणजे तार, क्रांकहाइट म्हणजे आजार. ब्रिटनमधल्या छावण्या पाहिलेल्या आडोल्फ लुकास फिशर या स्विस डॉक्टरने १९१८ साली या नावाचं पुस्तकच लिहिलं. झोप उडते, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, ओळखीची नावं आठवत नाहीत, शेजारच्या खाटेवरचा माणूस नुसता खोकला तरी संताप येतो. कारणं त्याने सांगितली ती अशी : भोवतीची तार, सततची गर्दी, आणि हे किती दिवस चालणार याचा पत्ता नसणं. शिक्षा झालेला कैदी निदान दिवस तरी मोजतो! मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. माणसाच्या कमकुवत मनाला बोल न लावता तो सरळ तारेकडे बोट दाखवतो.

'हाइमवे' हा त्याहून जुना. हाइम म्हणजे घर, वे म्हणजे कळ, वेदना. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेलला या घरओढीवर प्रबंध लिहिला आणि तिच्यासाठी ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' घडवला. जुनी गाणी ऐकताना आपण सहज वापरतो तो शब्द मुळात रोगाचं नाव होता.

मराठीची तऱ्हा वेगळी. हुरहूर, तगमग, धाकधूक, चुटपुट : कारण कुठेच सांगितलेलं नाही, पण छातीतली हालचाल कानाला ऐकू येते. 'कोंडमारा' मात्र जर्मन वळणाचा. कोंडणंही त्यात आहे आणि मारणंही. फिशरच्या शब्दाला मी तोच देईन.

आणखी एक सांगायलाच हवा, 'टोअरश्लुसपानिक'. टोअर म्हणजे वेस, श्लुस म्हणजे बंद होणं. वेस लागायच्या आत गावात पोचायची घालमेल. हॅम्बुर्गच्या वेशी १८६० सालापर्यंत रात्री बंद होत, उशिरा येणाऱ्याला आत शिरायला पैसे मोजावे लागत. आता लग्नाचं, नोकरीचं वय निसटत चालल्याच्या धास्तीला हा शब्द वापरतात. माळीवाडा वेशीतून रोज ये-जा करणाऱ्या नगरकराला तो फोड करून सांगायची गरज पडू नये.