वर्दी आणि रुजुवात

संगणकीय आज्ञावलींच्या भांडारात बदल होताच त्याची वर्दी संबंधितांना आपोआप पोहोचावी, ही तजवीज पुष्कळ जुनी आहे. सीव्हीएस या प्रणालीत 'लॉगइन्फो' नावाची एक फाइल असे आणि तीत नमूद केलेली आज्ञा, कोणी बदल दाखल करताच, बहुधा सहकाऱ्यांना ई-मेल धाडीत असे. पुढे सबव्हर्जनने आणि २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी निर्मिलेल्या गिटने हीच प्रथा 'हुक' या नावाने चालविली. मात्र भांडाराचे यंत्र स्वतःच्या अखत्यारीत असेल, तोवरच हे शक्य होते. २००८ मध्ये गिटहब सुरू झाले आणि भांडारे परक्या यंत्रांवर वस्तीस गेली, तेव्हा तेथे आपली आज्ञा चालविण्याची मुभा अर्थातच उरली नाही. दर काही मिनिटांनी 'नवे काही आहे काय' अशी पृच्छा करीत राहण्यापेक्षा, जेफ लिंडसे यांनी २००७ साली ज्याला 'वेबहुक' हे नाव दिले तो मार्ग, म्हणजे भांडारानेच एचटीटीपीची 'पोस्ट' विनंती आपल्या दाराशी पाठवावी हा, सर्वांनी पत्करला.

ही विनंती स्वीकारणारा सर्व्हर लहानसा असला, तरी त्याचे दार साऱ्या जगाला खुले असते, आणि म्हणून आलेला खलिता खरा की बनावट याची रुजुवात हेच मी त्याचे प्रथम कर्तव्य मानतो. त्यासाठी क्रॉचिक, बेलारे व कॅनेटी यांची, १९९७ च्या 'आरएफसी २१०४' मध्ये ग्रथित झालेली एचमॅक पद्धती योजतात: उभयपक्षी ठाऊक असलेले गुपित आणि मजकूर यांपासून पाठविणारा एक मुद्रा सिद्ध करतो, आणि घेणाऱ्याने तीच क्रिया करून दोहोंची तुलना करावयाची असते. येथे मजकूर जसा आला तसाच, अक्षराचाही फरक न करता, घ्यावा लागतो. जेसन या मांडणीत आलेला मजकूर उलगडून पुन्हा रचला आणि एखादी मोकळी जागा इकडची तिकडे झाली, तरी अस्सल खलिताही बनावट ठरतो. तुलनाही पहिल्या विसंगत अक्षरापाशी थांबणारी नसावी, कारण लागलेल्या वेळेच्या सूक्ष्म भेदावरून चाणाक्ष मनुष्य खरी मुद्रा अक्षराक्षराने हुडकून काढू शकतो.

रुजुवात झाली की तत्काळ पोच द्यावी आणि नव्या बदलाच्या चाचण्यांसारखे दीर्घ काम रांगेत लावावे. गिटहब उत्तरासाठी केवळ १० सेकंद थांबते. प्रत्येक वर्दीला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, तो बारनिशीत नोंदल्यास एकच काम दोनदा होत नाही. हुकलेली वर्दी मात्र गिटहब आपण होऊन पुन्हा पाठवीत नाही, तेव्हा सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर मधल्या काळातील नोंदी गिटहबकडील यादीशी ताडून, राहिलेल्या वर्द्या मागवून घ्याव्या लागतात.