कॅमारो (पहिली पिढी) : ट्रॅकसाठी पुनर्बांधणी

शेव्हरोले कंपनीची 1967 ते 1969 या मॉडेल-वर्षांतील दोनदारी कॅमारो पूर्ण खोलून ती वळणावळणाच्या बंदिस्त ट्रॅकवर सलग आणि वेगाने पळवता येईल अशी पुन्हा बांधणे. गाडी कारखान्यातून निघाली तशी हुबेहूब सजवून प्रदर्शनात उभी करणे हे काम वेगळे आणि पाव मैलाच्या सरळ ड्रॅग शर्यतीसाठी ती तयार करणे हेही वेगळे. ट्रॅकवर इंजिनाइतकेच महत्त्व ब्रेक, टायर, सस्पेंशन आणि तेलाच्या थंडाव्याला असते. साठच्या दशकातल्या अमेरिकी गाड्या नेमक्या याच चार बाबतींत लंगड्या होत्या.

पार्श्वभूमी : मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठे व्ही-8 इंजिन बसवायचे आणि ती तरुणांना परवडेल अशा भावात विकायची, हे मसल कारचे गणित. त्याचा आरंभ बहुतेक जण 1964 च्या पाँटियॅक जीटीओपासून मानतात. या आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठे इंजिन नको, असा पाँटियॅक आणि शेव्हरोले या दोन्हींची मालक असलेल्या जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटियॅकचे इंजिनिअर जॉन डेलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 389 घन इंचांचे इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न देता ‘जादा सोय’ म्हणून देऊ केले आणि नियमाला बगल दिली. त्याच वर्षी 17 एप्रिलला फोर्डची मस्टँग आली. कॅमारो हे तिला शेव्हरोलेने 1966 च्या सप्टेंबरमध्ये दिलेले उत्तर. काटेकोर बोलायचे तर मस्टँग आणि कॅमारो या ‘पोनी कार’, म्हणजे मसल कारपेक्षा लहान, स्पोर्टी गाड्या. पण आता बोलण्यात दोन्ही मसल कारच ठरतात आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तीन वर्षांत सुमारे 7 लाख कॅमारो बनल्या. आज त्यांचे सुटे भाग इतके मुबलक मिळतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

शर्यतीचा वारसा : 1966 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ट्रान्स-ॲम शर्यत-मालिकेत इंजिनाची मर्यादा 5 लिटर, म्हणजे 305 घन इंच होती. शेव्हरोलेच्या व्हिन्स पिगिन्स यांनी त्यासाठी झेड/28 हा प्रकार पुढे रेटला. 327 घन इंची इंजिनाच्या ब्लॉकमध्ये 283 चा आखूड क्रँक बसवला. 4 इंचांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 3 इंचांचा स्ट्रोक (पिस्टनची चाल) मिळून 302 घन इंच भरले. रुंद बोअर आणि आखूड स्ट्रोकमुळे हे इंजिन वरच्या फेऱ्यांत खुलते. कागदोपत्री ताकद 290 अश्वशक्ती सांगितली जाई, प्रत्यक्षात ती बरीच जास्त होती. 1967 साली अशा फक्त 602 गाड्या निघाल्या, तर 1969 मध्ये 20,302.

रॉजर पेन्स्की यांच्या संघाकडून मार्क डोनोह्यू यांनी 1968 मध्ये ट्रान्स-ॲमच्या 13 पैकी 10 शर्यती जिंकल्या. त्या आणि पुढच्या वर्षी उत्पादकांचे अजिंक्यपद शेव्हरोलेकडे गेले. डोनोह्यू स्वतः शिकलेले इंजिनिअर. पत्रा पातळ व्हावा म्हणून गाडीचा सांगाडा आम्लात बुडवणे, पिटमध्ये पेट्रोल झपाट्याने भरावे म्हणून टाकी उंच मनोऱ्यावर चढवणे, ब्रेक पॅड झटक्यात बदलता यावेत म्हणून पिस्टन व्हॅक्यूमने मागे ओढणे असे या संघाचे उद्योग होते. त्यांतले काही नियमात बसणारे होते, काही नियमाच्या कडेवर उभे. तरीही आजच्या पुनर्बांधणीची बरीचशी अक्कल त्याच गॅरेजातून आली आहे. कॅमारोचे दुखणे ताकदीत नसून पुढच्या चाकांत आणि ब्रेकमध्ये आहे, हे त्या संघाने तेव्हाच ओळखले होते.

दोन वाटा : आज जुनी कॅमारो ट्रॅकवर न्यायची तर आधी एक निर्णय घ्यावा लागतो. ऐतिहासिक शर्यतींत उतरायचे असेल, तर आंतरराष्ट्रीय मोटार-क्रीडा संघटनेच्या ‘अपेंडिक्स के’ नियमांनुसार किंवा त्या-त्या आयोजकाच्या अटींनुसार त्या काळात जे वापरले जाई तेच वापरावे लागते. कॅलिफोर्नियातील लगुना सेका ट्रॅकवर दिसणाऱ्या जुन्या ट्रान्स-ॲम गाड्यांच्या गटात तर त्या काळी प्रत्यक्ष धावलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो. नक्कल कितीही सुबक असो, चालत नाही. दुसरी वाट ‘प्रो-टूरिंग’ची : रूप जुने, आतले सगळे आजचे. नव्वदच्या दशकात या वाटेला जोर आला आणि जनरल मोटर्समध्येच इंजिनिअर असलेल्या मार्क स्टिलो यांच्या 1969 च्या कॅमारोंनी तिचा कित्ता घालून दिला. पुढील विवेचन मुख्यतः याच वाटेचे आहे.

सांगाडा : काम पत्र्यापासून सुरू होते आणि अंदाजपत्रक कोलमडते तेही इथेच. पुढच्या काचेखालची खोळ, जमीन, डिकीचा तळ आणि मागच्या चाकांवरचे पत्रे ही गंजाची ठरलेली ठिकाणे. रंग उतरवण्याआधी तो गंज दिसत नाही, आणि उतरवल्यावर पाहवत नाही. वाळूचा मारा जोराने केला तर मोठे सपाट पत्रे तापून वाकतात, म्हणून बॉनेट आणि दारे सौम्य पद्धतीने साफ करतात.

या गाडीची बांधणी अर्धीमुर्धी आहे. मागचा भाग पत्र्याच्या एकसंध पेटीचा, तर इंजिन आणि पुढची चाके धरणारी सबफ्रेम वेगळी, रबरी बुश मध्ये घालून बोल्टने जोडलेली. रस्त्यावर या रबराने आवाज आणि हादरे कमी होतात. ट्रॅकवर मात्र गाडीचे दोन तुकडे आपापल्या मताने वागतात. म्हणून रबराऐवजी ॲल्युमिनियमचे ठोकळे घालतात आणि पुढची सबफ्रेम व मागचे रेल लांब पोलादी पट्ट्यांनी जोडतात. सांगाडा पिळला जात असेल, तर महागडे शॉक ॲब्सॉर्बर बसवूनही उपयोग होत नाही. कोणता स्प्रिंग कुठे दबतो आहे हेच नीट कळत नाही.

पुढचे सस्पेंशन : सर्वाधिक विचार इथे लागतो. चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर कलतो, त्या कलाला कँबर म्हणतात. वळणात गाडी बाहेरच्या अंगाला झुकते आणि सगळा भार बाहेरच्या पुढच्या चाकावर येतो. अशा वेळी ते चाक वरून थोडे आत कललेले राहिले, तर टायर रुंदीभर जमिनीला चिकटतो. मूळ कॅमारोत नेमके उलटे घडते. तिची वरची आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारा दांडा) बाहेरच्या टोकाला खाली उतरती असते. चाक वर दबले की ही आर्म आडवी होत जाते आणि चाकाचा माथा बाहेर ढकलते. टायर कडेवर उभा राहतो, कड जळते आणि गाडी स्टिअरिंग वळवूनही सरळच जात राहते. नवखा चालक दोष टायरला देतो.

यावरचा जुना आणि स्वस्त इलाज शर्यतपटू डिक गुल्डस्ट्रँड यांच्या नावाने ओळखला जातो : वरच्या आर्मचे आतले टोक खाली सरकवून नवी भोके पाडायची. चार भोके आणि एक दुपार, इतकेच काम. पण त्याने गाडीचा स्वभाव बदलतो. आता उंच स्पिंडल, लांब बॉल जॉइंट किंवा पूर्ण नवी सबफ्रेमही मिळते. नव्या सबफ्रेममध्ये मूळच्या स्टिअरिंग बॉक्सऐवजी बहुधा रॅक-पिनियन असते. पण रॅक चुकीच्या उंचीवर बसला तर खड्ड्यागणिक चाके आपोआप वळू लागतात, आणि ही चूक दुरुस्त करण्यात महिने जातात. ज्याला हा हिशेब करता येत नाही त्याने जुनाच बॉक्स ठेवून भोके पाडावीत.

मागचे सस्पेंशन : मागे अखंड ॲक्सल आणि ट्रकला असतात तसे पाटे. 1967 च्या गाड्यांत तर प्रत्येक बाजूला एकेकच पाटा होता. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, पाटा वाकडा होतो, मग सुटतो, आणि चाके जमिनीवर टपटप उड्या मारतात. 1968 मध्ये कंपनीने जास्त ताकदीच्या गाड्यांना अनेक पाट्यांचा संच दिला आणि एक शॉक ॲक्सलच्या पुढे, दुसरा मागे बसवला, तेव्हा उड्या कमी झाल्या. आजचा इलाज म्हणजे पाटे काढून चार दांड्यांची जोडणी आणि आडवी हालचाल रोखायला पॅनहार्ड दांडा किंवा वॅट जोडणी. मागे 300 मिलिमीटरहून रुंद टायर बसवायचे असतील, तर चाकाच्या खोळी आतल्या बाजूने कापून रुंद कराव्या लागतात.

ब्रेक : बहुतेक कॅमारो चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन विकल्या गेल्या. एक हिशेब मांडून पाहावा. दीड टनाची गाडी ताशी 200 किलोमीटरवरून 80 वर आणायची तर सुमारे 19 लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. एवढ्या उष्णतेत साधारण सहा लिटर पाण्याला उकळी फुटेल, आणि हे एका वळणापाशी. पुढचे वळण अर्ध्या मिनिटावर असते. ड्रमला ही उष्णता बाहेर टाकता येत नाही. ड्रम फुगतो, लायनर चकाकतो आणि पेडल तळाला जाते. म्हणून 13-14 इंचांच्या डिस्क, चार किंवा सहा पिस्टनांचे कॅलिपर आणि समोरच्या बंपरखालून डिस्कच्या मध्यावर थंड हवा आणणाऱ्या नळ्या बसवतात. नळ्या सर्वांत स्वस्त, आणि विसरल्या जातात त्याही नळ्याच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट-4 प्रतीचे कोरडे तेल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता टिकले पाहिजे, पण ओल शिरल्यावर तीच हमी 155 वर येते. ट्रॅकवर जाण्याआधी ते बदलणे हा खर्चाच्या मानाने सर्वांत फायद्याचा फेरबदल होय.

इंजिन : लोक इथून सुरुवात करतात आणि चुकतात. सध्याची सर्वमान्य निवड म्हणजे 1997 च्या शेव्हरोले कॉर्व्हेटबरोबर आलेल्या एलएस घराण्यातले ॲल्युमिनियम ब्लॉकचे इंजिन. त्यातले 6.2 लिटरचे एलएस-3 हे 2008 च्या कॉर्व्हेटमध्ये 430 अश्वशक्ती देत होते. जुन्या लोखंडी ब्लॉकपेक्षा ते हलके, त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भारही घटतो. मात्र जुन्या आणि नव्या आकड्यांची सरळ तुलना करू नये : 1972 पूर्वी अमेरिकी कंपन्या पंखा, सायलेन्सर वगैरे न जोडलेल्या इंजिनाची ताकद छापत.

खरा धोका तेलाचा असतो. लांब वळणात तेल तळाच्या एका बाजूला चढते, पंप हवा ओढतो आणि काही क्षणांत बेअरिंगे जातात. मीटर पाहून गाडी थांबवेपर्यंत उशीर झालेला असतो. तळपात्रात आडपडदे आणि झडपा घालणे, दाबाखाली राखीव तेल साठवणारी टाकी लावणे किंवा ड्राय संपची (तेल तळपात्राऐवजी वेगळ्या टाकीत ठेवण्याची) पूर्ण व्यवस्था करणे असे चढत्या खर्चाचे तीन उपाय आहेत. ऑइल कूलर मात्र तिन्हींबरोबर हवाच. जुने होली कार्ब्युरेटर ठेवल्यास वळणात त्याच्या भांड्यातले पेट्रोलही असेच एका बाजूला जाते.

गिअर आणि ॲक्सल : मूळच्या चार गिअरांच्या मन्सी पेटीऐवजी सहा गिअरांची ट्रेमेक टी-56 बसवतात, तिच्यासाठी गाडीच्या जमिनीतला बोगदा कापून उंच करावा लागतो. मागे मात्र बहुतेक शेव्हरोलेप्रेमी निमूटपणे फोर्डचा 9 इंची ॲक्सल घालतात. 1957 सालची ही रचना इतकी दणकट आहे की इथे ब्रँडचा अभिमान कुणी आड येऊ देत नाही.

सुरक्षा : 1967 आणि 1968 च्या आसनांना डोके टेकायला आधार सरसकट नसे, अमेरिकेत तो 1969 च्या आरंभापासून सक्तीचा झाला. ट्रॅकसाठी शर्यतीची आसने, सहा टोकांचे पट्टे, मान धरणारे हॅन्स उपकरण, अग्निशामक आणि शिवणविरहित किंवा तत्सम मजबूत पोलादी नळ्यांचा रोल केज लागतो. हाच केज घातलेली गाडी रस्त्यावर चालवू नये, असे जाणते सांगतात. हेल्मेटशिवाय छोट्या धडकेतही डोके नळीवर आपटते, आणि मग वाचवणारी वस्तूच घात करते.

जुळणी : गाडी प्रथम रंगाविना पूर्ण जोडून पाहतात. पाइप कुठे घासतो, टायर कुठे लागतो, हे तपासून ती पुन्हा सुटी करतात आणि मगच रंग देतात. ही दुहेरी जुळणी टाळणारे नव्या रंगावर वेल्डिंग करताना दिसतात. शेवटी चालक आत बसवून चारही चाके वजनकाट्यांवर ठेवतात आणि तिरप्या जोड्यांवरचा भार सारखा होईपर्यंत स्प्रिंगांची उंची बदलतात. पहिल्या फेऱ्या हळू असतात. त्यांचा हेतू सुटलेला बोल्ट आणि पाझरणारा सांधा शोधणे एवढाच.

गाडीची निवड : अस्सल झेड/28 किंवा 1969 च्या फक्त 69 निघालेल्या झेडएल-1 पैकी एखादी कापून ट्रॅकची गाडी बनवणे हा गाढवपणा आहे. मूळ इंजिन आणि मूळ क्रमांक जुळणाऱ्या गाडीची किंमत त्या जुळण्यातच असते. या कामाला सहा सिलिंडरची, इंजिन आधीच गमावलेली, साधी कॅमारो घ्यावी. तीही मिळाली नाही, तर जनरल मोटर्सच्या परवान्याने नव्याने छापलेला 1969 चा पूर्ण पोलादी सांगाडा विकत मिळतो. त्यावर जुन्या गाडीची ओळख-क्रमांकाची पट्टी काढून लावणे अमेरिकी संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.