खोपटचा एसटी स्टँड आणि कोकणातली घरं

गणपतीच्या आधीचे चार दिवस ठाण्यातल्या खोपटच्या एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. चिपळूण, गुहागर, राजापूर, कणकवली अशा पाट्या लावलेल्या गाड्या एकामागून एक सुटतात. एरवी बंद असलेली हजारो घरं या गाड्या पोचल्या की उघडतात.

सिद्धेश्वर तलावाजवळचं खोपट ही जुन्या ठाण्याच्या कडेची वस्ती. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि जवळच्या वागळे इस्टेटमध्ये कारखाने वाढले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरला ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली. गिरणगावातली खोली सोडलेल्या अनेक कोकणी कुटुंबांना पुढची पिढी ठाणे, कळवा, डोंबिवलीत वाढवावी लागली. १९९१ मध्ये आठ लाखांची असलेली ठाणे शहराची वस्ती २०११ मध्ये साडेअठरा लाखांच्या जवळ गेली. त्यात देशभरातून आलेली माणसं आहेत, पण कोकणचा चाकरमानी या शहराच्या जडणघडणीत फार आधीपासून आहे.

त्याच्या गावाकडचा आकडा उलटा चालतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गातही एकोणीस हजारांनी घट झाली. मुंबई शहर जिल्हा सोडला, तर राज्यात माणसं कमी झाली ती फक्त या दोन जिल्ह्यांत. ठाणे जिल्ह्यात मात्र त्याच काळात एकोणतीस लाखांची भर पडली.

ही घट अचानक आलेली नाही. एकोणिसाव्या शतकापासून रत्नागिरीचे पुरुष गिरण्यांत राबले, बायका भातशेती आणि म्हातारी माणसं सांभाळत राहिल्या. २०११ मध्येही रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. गावाची शेती, सण आणि देवळाचा जीर्णोद्धार मनीऑर्डरवर चालला, आणि त्याचा हिशेब गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळांनी ठेवला. पूर्वी एकटा पुरुष जायचा म्हणून घरात चूल पेटती राहायची. आता अख्खं कुटुंब उठून जातं आणि कोकणातल्या मराठी शाळांचा पट घसरत जातो. खरं नुकसान या दुसऱ्या स्थलांतराने केलं आहे.

२०२० च्या टाळेबंदीत काही काळ प्रवाह उलटला. आलेल्यांना गावच्या शाळेत विलगीकरणात ठेवलं होतं. रिकाम्या वर्गांत पुन्हा माणसांचा आवाज आला. कारखाने उघडले तसे बहुतेक जण परतले.

लांबलेल्या जनगणनेसाठी आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. त्या वर्षीचा शिमगा मार्चच्या उत्तरार्धात येतो. म्हणजे पालखी नाचवायला गावी जाणारा चाकरमानी गणला जाईल तो ठाण्यातच.