गश्ती निशान ५३

सतरा सप्टेंबर जवळ आला की आमच्या औंढ्यात शाळाशाळांतून भाषणांची तयारी सुरू होते. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. मागच्या वर्षी नववीतली एक मुलगी विषय ठरवूनच माझ्याकडे आली. शोएबुल्ला खान. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "बेटा, दुसरं काही घे ना. स्वामी रामानंद तीर्थांवर बोल." ती मान हलवून गेली. मी इतिहासाचा नाही, उर्दू-मराठीचा शिक्षक आहे, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण वेगळं होतं. भाषणातलं एखादं वाक्य कुणी मोबाईलवर तोडून फिरवलं तर? आणि बोलणारी मुलगी सलवार-दुपट्ट्यातली असेल तर?

ही भीती या मातीत नवी नाही. औंढा तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि परभणी निजामाच्या राज्यात. भिंतीलाही कान असतात ही म्हण दादाजान इतक्या सहज वापरत की लहानपणी मला ते घराचंच वर्णन वाटे.

निजामाच्या काळात या कानाला कागदी नाव होतं, गश्ती निशान ५३. गश्त म्हणजे फेरी. जो कागद कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरतो तो गश्ती, म्हणजे परिपत्रक. निशान म्हणजे क्रमांक. १९२१ मध्ये खिलाफतीच्या सभांनी हैदराबाद दणाणलं, तेव्हा राजकीय सभांवर निर्बंध आले. त्याच दशकात गश्तीने ते पक्के केले: सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मुक्तिसंग्रामाच्या गोष्टीत हे निर्बंध फक्त हिंदूंविरुद्ध होते असं ऐकायला मिळतं. निर्बंध आले तेव्हा सरकारच्या डोळ्यांत सलत होत्या त्या खिलाफतीच्या सभा. सरकारला बोलणाऱ्याचा धर्म नाही, गर्दी दिसते.

लोकांनी यातून वाटा काढल्या. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, कारण भाषा-संस्कृतीच्या नावाने जमता येत होतं. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. जन्माआधीच मृत्यूचा दाखला! ती बंदी उठली १९४६ मध्ये. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर बंदी आली की तेच पत्र दुसरं नाव घेऊन निघे, त्यावर बंदी आली की तिसरं. सुरक्षित राहणं म्हणजे गप्प बसणं, असं या लोकांनी मानलं नाही. त्यांनी नाव बदललं, जागा बदलली, आणि शक्यतो एकट्याने काही केलं नाही.

शोएबुल्ला खान मात्र बरेच एकटे पडले. ज्या 'रय्यत' या उर्दू पत्रात ते काम करत ते सरकारने बंद केलं, तेव्हा त्यांनी १५ नोव्हेंबर १९४७ रोजी 'इमरोज़' काढलं. लिहीत उर्दूत, वाचक बहुतेक मुसलमान, आणि मांडत काय, तर रझाकारांची दांडगाई बंद करा, भारतात सामील व्हा. दिवसाचं सरकार वेगळं आणि रात्रीचं वेगळं, या अर्थाचा त्यांचा १९४८ च्या जानेवारीतला अग्रलेख गाजला. कासिम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातला. त्याच्या राज्यात कायदा दिवसा अर्जावर शिक्का मारी आणि रात्री लाठी-तलवार फिरे.

ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुसलमानांनी विलीनीकरणाच्या बाजूने पत्रक काढलं. त्यांत एक फरीद मिर्झा होते. ते नांदेड जिल्ह्यात महसूल खात्यात नोकरीला होते आणि रझाकारांचे अत्याचार पाहून त्यांनी ती नोकरी सोडली होती. पत्रक 'इमरोज़'ने छापलं. २१ ऑगस्टच्या रात्री शोएबुल्ला घरी परतताना काचीगुड्याजवळ त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या झाडल्या, लिहिणारा हात तोडला. पहाटे ते वारले. वय २७. सोबतच्या मेहुण्याचाही हात गेला.

चार आठवड्यांत पोलीस कारवाई झाली, राज्य गेलं. आणि मग आमच्या लोकांवर दुसरी शांतता आली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून अहवाल दिला. कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर, नांदेड. अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. घरातली म्हातारी माणसंही बोलली नाहीत. त्यामुळे आमच्या मुलांना रझाकारांविरुद्ध उभा राहिलेला मुसलमान ठाऊक नाही आणि मारला गेलेलाही ठाऊक नाही. ठाऊक आहे तो एकटा रझवी, कारण त्याचं नाव दुसरे घेतात.

आता गश्ती नाही, पण २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, हे मला शिक्षक म्हणून विसरता येत नाही. ते ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. सरकार म्हणतं, ते कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे. असेल. पण आधी हजारो सूचना आल्या आणि मसुद्यात बदल करावे लागले, हेही लक्षात ठेवावं. परतूरच्या लोकांना सूचना पाठवायची सोयही नव्हती. मुलांना मी एवढंच सांगतो: कायद्याचा मजकूर स्वतः वाचा, न वाचलेलं पुढे ढकलू नका, रागात लिहिलेलं रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी पाहा.

ती मुलगी आता दहावीत आहे. या वर्षी मीच तिला बोलावलं. चार मिनिटांचं भाषण तिने लिहून आणलं, 'इमरोज़'मधला नुक्ताही विसरली नव्हती. तारखा आम्ही दोघांनी पुस्तकावरून पडताळल्या. शेवटून तिसरं वाक्य सुंदरलाल अहवालाबद्दल होतं, ते मी तिला काढायला लावलं. तिने का म्हणून विचारलं. वेळ जास्त होतो, असं मी म्हणालो.