जंतू आणि जीवाळ



‘जंतू’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा ऐकतो. साबणाच्या वेष्टणावर तो असतो, फरशी पुसण्याच्या बाटलीवर असतो, दवाखान्याच्या भिंतीवर असतो. जेथे हा शब्द येतो तेथे त्याच्यामागे ‘नाशक’ हा शब्द दबा धरून बसलेला असतो. अशा शब्दावर तासभर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मी काही भाषापंडित नाही. शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. परंतु कामगारांत तीस वर्षे वावरताना एक खोड लागली. माणसाला कोणत्या शब्दाने हाक मारली जाते ते आधी ऐकावे. पगाराचा आकडा मागाहून विचारला तरी चालतो.

जंतू हा मूळचा संस्कृत शब्द. ‘जन्’ म्हणजे जन्मणे. जे जन्मले ते जंतू. एवढाच त्याचा अर्थ. त्यात लहानमोठेपणा नाही, रोग नाही, घाण नाही. हत्ती जंतू, राजाही जंतू. गीतेच्या पाचव्या अध्यायात अज्ञानाने मोह पावणाऱ्या माणसांना जंतूच म्हटले आहे, आणि तेथे कोणाला शिवी दिलेली नाही. महाभारताच्या वनपर्वात तर एका राजपुत्राचेच नाव जंतू आहे. सोमक राजाला शंभर राण्या आणि त्या सर्वांत मिळून हा एकच मुलगा. एके दिवशी त्याला मुंगी चावली. शंभर आयांनी असा आकांत मांडला की राजा दरबार सोडून धावत अंतःपुरात आला. एकुलता एक मुलगा म्हणजे जिवाला घोर, असे म्हणून त्याने पुरोहिताला उपाय विचारला. पुरोहिताने सांगितलेला उपाय भयंकर होता : याच मुलाचा बळी द्यावा, म्हणजे शंभर मुलगे होतील. राजाने तसे केले, शंभर मुलगे झाले, आणि त्यांत पहिला जंतूच पुन्हा जन्माला आला. मुंगी चावली म्हणून रडणारे घर मुलाचा बळी द्यायला तयार होते, ही गोष्ट मी कामगारांच्या सभेत पुष्कळदा सांगितली आहे. तिचा अर्थ त्यांना समजावून द्यावा लागत नाही.

पुढे हा शब्द झिजत गेला. बोलीत त्याचा ‘जंत’ झाला आणि तो लेकरांच्या पोटात जाऊन बसला. ग्रंथांत जो जंतू उरला तोही ‘जीवजंतू’, ‘क्षुद्र जंतू’ अशा जोड्यांत खाली खाली सरकला. मोठ्या प्राण्याला जंतू म्हणणे मागे पडले. पायाखाली येतो, दिसला तर चिरडतो, तो जंतू. मात्र अजूनही तो डोळ्यांना दिसणारा जीव होता. न दिसणाऱ्या जीवांची कल्पना आपल्याकडे नव्हती असे नाही. अथर्ववेदात दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या अशा दोन्ही कृमींचा उल्लेख आहे. पण कल्पना निराळी आणि डोळ्यांनी पाहणे निराळे.

पाहिले ते एका कापडवाल्याने. आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा हॉलंडातील डेल्फ्ट गावचा रहिवासी, जन्म १६३२ चा. धंदा कापडाचा. कापडातले सूत मोजायला त्या काळचे व्यापारी भिंग वापरीत. याने स्वतः भिंगे घासायला सुरुवात केली आणि इतकी बारीक घासली की त्यांतून वस्तू दोनशे पटींहून मोठी दिसे. विद्यापीठ नाही, लॅटिन नाही. त्या काळी लॅटिन न येणारा माणूस युरोपातील विद्वानांच्या पंगतीत बसूच शकत नसे. आपल्याकडे १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी या गृहस्थाने गावाजवळच्या तळ्याचे पाणी भिंगाखाली धरले आणि त्यात हलणारे, फिरणारे जीव पाहिले. त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या साध्या डच भाषेत पत्रे लिहिली. ९ ऑक्टोबर १६७६ चे पत्र त्यांत सर्वांत गाजले. वाळूच्या एका कणाशी तुलना करून, हे जीव किती लहान असतील याचा हिशेब त्याने मांडला होता. हिशेब दुकानदाराचा, पण चोख.

या जीवांना त्याने काय नाव दिले? काहीच मोठे नाही. ‘लहानगे प्राणी’ एवढेच. डचमध्ये प्राण्याला जो शब्द आहे त्याला लाडाचा प्रत्यय लावलेला. आपण पिल्लाला पिलू आणि बाळाला बाळू म्हणतो तसा. लंडनमध्ये भाषांतर करताना त्याचे लॅटिन वळणाचे ‘अ‍ॅनिमलक्यूल’ झाले आणि तो शब्द पुढे दोनशे वर्षे चालला. विद्वानांना प्रथम विश्वास बसेना. लेव्हेनहूकने गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावून दाखवले आणि त्यांच्या सह्यांची पत्रे पाठवली. १६७७ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये रॉबर्ट हूकने तेच जीव सोसायटीच्या सभासदांना दाखवले तेव्हा कोठे खात्री पटली. १६८० मध्ये हा कापडवाला सोसायटीचा सदस्य झाला. १६८३ मध्ये त्याने दातांवरचा किटण खरवडून पाहिला, आणि आपल्या तोंडात आपल्या देशातल्या माणसांपेक्षा जास्त प्राणी राहतात असे लिहून टाकले. त्यात किळस नाही, कौतुक आहे. माणसाने लहान जीवाकडे पाहून ‘अरे, तूही येथे आहेस काय?’ असे म्हणावे, तसा तो सूर आहे.

हा सूर एकोणिसाव्या शतकात बदलला, आणि बदलणे भागही होते. पाश्चर आणि कॉख यांनी दाखवून दिले की यांतले काही लहानगे प्राणी माणसे मारतात. १८८२ मध्ये क्षयाचा, त्यानंतर पटकीचा, १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सँने प्लेगचा जंतू शोधला. ‘लहानगा प्राणी’ हा शब्द शास्त्रातून हद्दपार झाला. मराठीत मात्र नवा शब्द न घडवता जुन्या जंतूलाच या कामावर लावले गेले. माझ्या समजुतीप्रमाणे त्याला खरी धार चढली ती मुंबईच्या प्लेगने.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पुढल्या काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून पळाली; कोणी रेल्वेने, कोणी आगबोटीने, कोणी पायी. आपल्या कोकणातले गिरणीकामगार त्यांत होतेच. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झाला. या कायद्याने सरकारला घरात शिरण्याचा, माणूस उचलून नेण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार मिळाला.

आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले. हे नाव येथे उपस्थित सर्वांना ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडे थांबतो. लोखंडे हे हिंदुस्थानातील कामगार चळवळीचे पहिले पुरुष. सत्यशोधक समाजाचे, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांची संघटना उभी केली आणि मागण्या केल्या : आठवड्यातून एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारची सुटी मिळायला १८९० साल उजाडले. पगार मात्र थकतच राहिला, कारण थकलेला पगार हाच कामगाराला गिरणीला बांधून ठेवणारा दोर होता. प्लेगच्या दिवसांत लोखंडे शहर सोडून गेले नाहीत, रोग्यांच्या सोयीत राहिले, आणि त्यातच गेले. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्याजवळ रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

आता यातली विसंगती पाहा. ज्या पगारासाठी लोखंड्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, तो १८९७ मध्ये रोजच्या रोज मिळू लागला! कामगार पळाल्यामुळे गिरण्या ओस पडल्या. मालकांची माणसे रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून येईल त्याला बोली लावू लागली. आणि मजूर म्हणू लागला, पैसे संध्याकाळी हातात द्या. जे संघटनेला तेरा वर्षांत साधले नाही ते डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जीवाने काही आठवड्यांत करून दाखवले. साथ ओसरली तशी ही चैनही ओसरली, हे सांगायला नको.

परंतु त्या काळात शब्दाच्या बाबतीत एक गोष्ट घडली ती फार वाईट. जंतू कोठे आहे हे कोणालाच नक्की माहीत नव्हते. गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुतली गेली, घरे उघडीनागडी केली गेली, आणि संशयाचे बोट फिरत फिरत गरिबाच्या खोलीवर, तेथून गरिबावर येऊन थांबले. उंदरावरची पिसू हा रोग वाहते असे पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, तरी त्याचे म्हणणे मान्य व्हायला कित्येक वर्षे लागली. उंदीर पडू लागले की घर सोडावे एवढे खेड्यातल्या अडाणी माणसाला कळत होते. पण त्याचे ऐकणार कोण? ज्याच्या अंगात जंतू, तोच जंतू, असे समीकरण एकदा बसले की ते सहज सुटत नाही. २०२० मध्ये शब्द बदलून ‘विषाणू’ झाला, आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला त्याच्याच गावाच्या शाळेत चौदा दिवस बसवले गेले. चौदा दिवस बसवण्यात चूक नव्हती. पण त्याच्याकडे पाहण्याच्या नजरा त्याहून फार दिवस टिकल्या.

आमच्या धंद्यातले एक उदाहरण देतो. १९९७ च्या ऑगस्टमध्ये युरोपीय संघाने अस्वच्छतेच्या कारणावरून भारतातील मासळीची आयात थांबवली होती. तेव्हापासून कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या हातांना फार महत्त्व आले. दर थोड्या वेळाने क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवायचे, मग पुन्हा बर्फात. बोटांची सालपटे निघतात. नियम आवश्यक आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. खाणाऱ्याच्या पोटाचाही विचार हवा. पण एका कारखान्यात माल जंतूंमुळे परत आला, तेव्हा चौकशी न करता सोलणाऱ्या बायकांचे पैसे कापले गेले. आम्ही एवढेच म्हटले की हाताचे नमुने घेता तसे टाकीच्या पाण्याचेही घ्या. तीन आठवडे भांडल्यावर नमुना घेतला. दोष टाकीत निघाला. कापलेले पैसे परत मिळाले, पण त्यांतली एक बाई मला म्हणाली, “भाऊ, पैशांचं जाऊ दे. तीन आठवडे आमच्याकडे असं बघत होते की आम्हीच ते किडे.” या वाक्याने मला हा शब्द शोधायला लावले.

आता दुसऱ्या शब्दाकडे येतो आणि संपवतो. गणपतीपुळ्याला समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्यावर आरे-वारे आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी वरच्या वळणावर गाडी थांबवून खालचे ते दोन किनारे आणि सुरूची झाडे पाहिली असतील. दिवाळीनंतरच्या थंडीत, चंद्र नसलेल्या रात्री, कधी कधी तेथल्या लाटा निळ्या पेटतात. लाट फुटली की तिच्या कडेला निळा उजेड धावतो, ओल्या वाळूवर पाऊल टाकले तर पावलाभोवती ठिणग्या उठतात. अलीकडे हे पाहायला शहरांतून गाड्या येतात आणि सगळे ‘प्लँक्टन, प्लँक्टन’ म्हणतात. हा शब्दही काही फार जुना नाही. १८८७ मध्ये हेन्सन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तो रूढ केला.

उजेड देणारा जीव म्हणजे नॉक्टिल्यूका. सगळे शरीर एकाच पेशीचे, आकार मिलिमीटरभर, फार तर दोन; भिजलेल्या साबुदाण्याहूनही बारीक. पाणी हलले, धक्का बसला, की तो क्षणभर चमकतो. लेव्हेनहूकच्या यादीत तो सहज बसला असता. हे जीव फार माजले तर ते चांगले चिन्ह नव्हे. या शतकात अरबी समुद्रात हिवाळ्यात त्यांच्या हिरव्या जातीचे थवे पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले आहेत आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात ते तग धरतात, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. पर्यटकाला जी मौज वाटते ती मासेमाराला काळजी वाटू शकते.

आपल्या किनाऱ्यावर याला मी दोन नावे ऐकली आहेत. एक ‘पाणी पेटले’, आणि दुसरे ‘जीवाळ’. जंतू म्हणजे जन्मलेला, जीवाळ म्हणजे जीवांनी भरलेला. अर्थाने दोघे सख्खे भाऊ. एकाच्या वाट्याला फिनेलची बाटली आली, दुसऱ्याला अजून कोणी हात लावलेला नाही. शाळेच्या पुस्तकात ‘सूक्ष्मजीव’ आहे, ‘जीवाणू’ आहे, जीवाळ मला आढळला नाही. आणि होडीवर हा शब्द नुसता कौतुकाचा नाही, कामाचा आहे. जीवाळ असले की पाण्यात जाळ्याचा धागान् धागा उजळतो आणि मासळी ते पाहून दूर पळते. उलट मासळीचा थवा पळताना त्याचाही उजेड पडतो आणि अनुभवी डोळ्याला तो कोठे चालला ते समजते. म्हणून अशा रात्री होडीवरचा म्हातारा नाळेवर बसून आधी पाणी पाहतो, वल्हे एकदा बुडवून उजेड किती उठतो ते बघतो, आणि मग जाळे टाकायचे की परतायचे ते सांगतो.