एरर मेसेजमधलं 'प्रोग्रा~१' म्हणजे काय? तो व्हायरस असतो का?

कॉम्प्युटरवर प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकताना किंवा जुना प्रोग्रॅम सुरू करताना मध्येच एक चौकट येते. त्यात 'सी:\प्रोग्रा~१' असं काहीतरी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिलेलं असतं. पुढे लांबलचक आकडा आणि खाली 'ओके'चं बटण. सी ड्राइव्ह उघडून पाहिला तर या नावाचं फोल्डर कुठेच दिसत नाही. मग शंका येते, व्हायरस तर शिरला नाही ना?

बहुतेक वेळा तसं काही नसतं. 'प्रोग्रा~१' हे तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरचं आखूड नाव आहे. मात्र हे माहीत नसेल, तर घाबरून चुकीचं बटण दाबलं जातं किंवा चुकीच्या माणसाला फोन केला जातो. म्हणून असे मेसेज कसे वाचायचे, ते समजून घेऊया.

आखूड नावं आली कुठून?

मायक्रोसॉफ्टची डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम १९८१ मध्ये आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरसोबत आली. तिच्यात फाइलच्या नावाला जास्तीत जास्त आठ अक्षरं आणि टिंबानंतर तीन अक्षरं एवढीच जागा होती. म्हणून अशा नावाला 'आठ-तीन' पद्धतीचं नाव म्हणतात.

१९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि २५५ अक्षरांपर्यंत लांब नाव देता येऊ लागलं. पण डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमना ही नावं वाचता येत नव्हती. त्यांच्यासाठी विंडोजने प्रत्येक लांब नावासोबत एक आखूड नावही ठेवायला सुरुवात केली. बारशाचं नाव एक आणि घरातलं हाक मारायचं नाव दुसरं, पण माणूस एकच, तसाच हा प्रकार आहे.

हे नाव तयार कसं होतं?

नियम साधा आहे.

• नावातल्या मोकळ्या जागा काढून टाकायच्या.
• पहिली सहा अक्षरं घ्यायची आणि ती कॅपिटल करायची.
• पुढे '~' हे चिन्ह (याला टिल्ड म्हणतात) आणि एक क्रमांक जोडायचा.
• फाइल असेल तर टिंबानंतरची पहिली तीन अक्षरं ठेवायची.

'प्रोग्राम फाइल्स'च्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली सहा अक्षरं म्हणजे पी, आर, ओ, जी, आर, ए. त्यातून 'प्रोग्रा~१' तयार झालं. त्याच सहा अक्षरांनी सुरू होणारं दुसरं फोल्डर असेल, तर त्याला '~२' मिळतं, तिसऱ्याला '~३'. त्यामुळे एकाच फोल्डरचा क्रमांक दोन कॉम्प्युटरवर वेगळा असू शकतो.

तुमचं स्वतःचं नावही असं कापलेलं दिसू शकतं. समजा, कॉम्प्युटरवरच्या अकाउंटचं नाव 'स्नेहा पाटील' आहे. त्याचं आखूड रूप होतं 'स्नेहाप~१'. आडनावातला फक्त 'पी' उरतो. सॉफ्टवेअर टाकताना लागणाऱ्या तात्पुरत्या फाइल्स 'टेम्प' फोल्डरमध्ये जातात आणि त्याचा पत्ता बऱ्याचदा याच आखूड नावाने लिहिलेला असतो. म्हणून इन्स्टॉल करताना असे मेसेज जास्त दिसतात.

खरं फोल्डर कसं ओळखायचं?

फोल्डरचा पत्ता मेसेजमध्ये दिसतो तसाच फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत टाइप करा आणि एंटर दाबा. खरं फोल्डर उघडेल. दुसरा मार्ग म्हणजे कमांड प्रॉम्प्ट. तिथे इंग्रजीत डी-आय-आर, मग मोकळी जागा, '/' आणि एक्स असं लिहिलं, की लांब आणि आखूड नावं शेजारी-शेजारी दिसतात. काही ड्राइव्हवर आखूड नावांची सोय बंद असते, तिथे फक्त लांब नावं दिसतील.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. दोन्ही नावं एकाच फोल्डरची आहेत. आखूड नावाने डिलीट केलं, तर मूळ फोल्डरच जातं.

मग पुढच्या आकड्याचं काय?

विंडोजचे बरेच एरर कोड '०एक्स८००७' ने सुरू होतात. अशा कोडमध्ये शेवटचे चार अंक पाहायचे.

• ०००२ : फाइल सापडली नाही.
• ०००३ : फोल्डरचा पत्ता सापडला नाही.
• ०००५ : परवानगी नाही.
• ००२० : फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे.
• ००७० : डिस्क भरली आहे.

हे अंक सोळाच्या पटीत मोजणाऱ्या हेक्साडेसिमल पद्धतीत असतात. म्हणून '००२०' हीच अडचण दुसऱ्या एखाद्या मेसेजमध्ये 'एरर ३२' म्हणून दिसू शकते. चूक तीच, लिहिण्याची पद्धत वेगळी.

'पत्ता फार लांब आहे' असाही एक मेसेज येतो. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला साधारणपणे २६० अक्षरांची मर्यादा असते. फोल्डरमध्ये फोल्डर असं करत गेलं की ती ओलांडली जाते. फोल्डरची नावं लहान केली किंवा ते थेट ड्राइव्हवर हलवलं, की काम होतं.

सावध कधी व्हायचं?

तुम्ही काहीही इन्स्टॉल करत नसताना 'टेम्प' फोल्डरमधला अनोळखी प्रोग्रॅम सुरू होत असल्याचं दिसलं, तर अँटिव्हायरसने तपासणी करून घ्या.

मेसेजमध्ये फोन नंबर असेल, तर तो फसवणुकीचा समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. काही भामटे फोनवरून विंडोजचं 'इव्हेंट व्ह्युअर' उघडायला लावतात आणि त्यातले लाल खुणांचे एरर दाखवून घाबरवतात. असे एरर चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही असतात. तेवढ्यावरून कुणालाही स्क्रीनचा ताबा किंवा ओटीपी देऊ नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

मेसेज आल्यावर काय करायचं?

'ओके' दाबण्याआधी स्क्रीनशॉट किंवा मोबाइलवर फोटो घ्या. मग तीन गोष्टी शोधा. कोणत्या फाइलबद्दल तक्रार आहे, काय झालं आहे आणि कोड कोणता आहे. दुरुस्ती करणाऱ्याला 'कॉम्प्युटर चालत नाही' असं सांगण्यापेक्षा या तीन गोष्टी सांगितल्या, तर त्याला नेमकी अडचण लवकर कळते. शिवाय डिस्क भरल्यासारखं साधं कारण असेल, तर त्याला बोलवायचीही गरज पडत नाही.